छापील वेग आणि घेतलेला वेग

अंजूर म्हटले की इतिहासाच्या वाचकाला गंगाजी नाईक अंजूरकर आठवतात. 1737 ते 1739 या काळातल्या साष्टी-वसईच्या मोहिमेत पेशव्यांच्या फौजेला या घराण्याची जी मदत झाली, तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र याच परिसराच्या अगदी अलीकडच्या इतिहासातून निघालेला आहे. अंजूरफाट्यावरून भिवंडीत शिरताना आजही यंत्रमागांचा खडखडाट कानावर येतो, आणि त्याच रस्त्यांच्या कडेला गोदामांच्या लांबच लांब रांगा दिसतात. मागांनी इथल्या दोन-तीन पिढ्या पोसल्या. गोदामांवर आणि संगणकांवर आजची पिढी पोट भरते आहे.

ही दोन यंत्रे वरवर पाहता एकमेकांच्या नात्यातली नाहीत. पण दोघांच्याही बाबतीत चालवणाऱ्याला एक प्रश्न हटकून पडत आला आहे. कारखान्याने यंत्रावर छापलेला वेग हा त्या यंत्राचा शेवट असतो का? नसेल, तर मधली शिल्लक कोणाची, आणि ती घ्यायला गेले तर काय मोजावे लागते? संगणकाच्या दुनियेत या वेगवाढीला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. चिप ज्या ठोक्यावर चालते तो ठोका छापील आकड्यापेक्षा जलद करणे, एवढाच त्याचा अर्थ. पैसेवाल्यांचा छंद म्हणून या प्रकाराकडे पाहिले जाते. त्याचा इतिहास चाळला तर मात्र असे दिसते की ही कला प्रामुख्याने स्वस्त यंत्र घेणाऱ्यांनी घडवली. म्हणून या लेखात मी महागड्या यंत्रांना बाजूला ठेवून स्वस्त ग्राफिक्स कार्डापर्यंतचा रस्ता तपासणार आहे, आणि त्याची सुरुवात मागापासून करणार आहे.

पुलीचा हिशेब

भिवंडीत उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग रुजवला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची जागा यंत्रमाग घेऊ लागला. इथले बरेचसे माग नवे कोरे कधीच नव्हते. मुंबईच्या गिरण्यांनी बाद करून भंगाराच्या भावाने काढलेले माग इथे आले, दुरुस्त झाले आणि पुन्हा चालू लागले. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्यांचे विणकाम अधिकच भिवंडीकडे सरकले. जुन्या यंत्रावर नव्या मागणीचा बोजा पडला की मालकाचे लक्ष पहिल्यांदा वेगाकडे जाते.

साध्या धोट्याच्या मागाचा वेग मिनिटाला धोटा किती वेळा फेकला जातो यावर मोजतात. तो सर्वसाधारणपणे दीडशेच्या आसपास असतो. तो वाढवण्याचा मार्ग अगदी सोपा आहे : मोटारीवरची पुली थोडी मोठी बसवायची. मोटार तीच, पट्टा तोच, माग मात्र जलद. मजुरी मीटरवर असल्यामुळे विणकरालाही हे बरे वाटते. दीडशेचे एकशे पासष्ट झाले म्हणजे दहा टक्के कापड जास्त, असा हिशेब कोणीही तोंडी करील.

या तोंडी हिशेबात एक गोष्ट सुटते. मागाच्या एका फेरीतला ठराविक हिस्साच धोट्याला या टोकाकडून त्या टोकाकडे जाण्यासाठी मिळतो. फेरी जलद झाली की धोट्यालाही तितक्याच पटीने जोरात जावे लागते. शाळेतल्या पदार्थविज्ञानाप्रमाणे फेकलेल्या वस्तूची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वर, मिनिटाला असे फेकेही वाढलेले असतात. वर्गाला पुन्हा वेगाने गुणले की घन होतो. म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर नुसता धोटा फेकण्यासाठी लागणारी शक्ती 1.1 गुणिले 1.1 गुणिले 1.1, म्हणजे सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. ही जादा शक्ती मागाच्या लाकडावर, चामड्यावर आणि ताण्याच्या सुतावर आपटते. सूत तुटते, माग थांबतो, गाठ मारावी लागते. दहा टक्क्यांतले किती टक्के खरोखर हाती येतात ते ताग्याच्या शेवटीच कळते. आणि धोटा वाट सोडून बाहेर उडाला तर समोरच्या माणसाचा डोळा जातो.

ही जाणीव भिवंडीच्या आधी लँकेशायरला झाली होती. 1840च्या दशकाच्या आरंभी ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो यांनी मागात ज्या सुधारणा केल्या, त्यांत बाण्याचे सूत तुटले की माग आपोआप थांबवणारी योजना होती, आणि धोटा ताण्यात अडकला तर फणीने मागे सरकावे अशीही योजना होती. वेगाच्या इतिहासात या सुधारणांचे महत्त्व मोठे आहे. यंत्र जोरात चालवण्याची मुभा माणसाला खऱ्या अर्थाने तेव्हा मिळाली, जेव्हा यंत्राला स्वतःहून थांबता येऊ लागले. पुढे संगणकातही हेच घडले, पण त्याला बरीच वर्षे लागली.

दूरचित्रवाणीच्या ठोक्यावर चाललेला संगणक

ऑगस्ट 1981मध्ये आयबीएमचा 'पीसी' बाजारात आला. त्यातली इंटेलची 8088 ही चिप 5 मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला पन्नास लाख ठोक्यांना, चालेल असा कारखान्याचा निर्वाळा होता. आयबीएमने ती चालवली 4.77ला. हा विचित्र आकडा चिपच्या ताकदीवरून आलेला नव्हता. अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगसंकेताच्या चौपट कंप्रतेचा, 14.318 मेगाहर्ट्झचा स्फटिक त्या यंत्रात होता. त्याच्या ठोक्याला तिनाने भागले की 4.77 येतात. एकाच स्फटिकात दोन कामे झाली आणि खर्च वाचला. म्हणजे ज्या यंत्रापासून आजच्या संगणकांची वंशावळ सांगितली जाते, त्या यंत्राचा छापील वेग काटकसरीतून ठरला होता. छापील आकडा ही निसर्गाने आखलेली रेषा नसते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही.

1984च्या 'पीसी-एटी'त 80286 ही चिप 6 मेगाहर्ट्झला चालत होती. तिचा स्फटिक 12 मेगाहर्ट्झचा होता आणि तो खोबणीत बसवलेला होता, म्हणजे उपटून काढता येत होता. हौशी लोकांनी 16 मेगाहर्ट्झचा स्फटिक आणून बसवला आणि संगणक 8 मेगाहर्ट्झला चालू लागला. काही डॉलरच्या सुट्या भागात तेहतीस टक्के वेगवाढ! पुढे आयबीएमने संगणकाच्या प्रारंभिक प्रणालीत वेगाची तपासणी घातली. वेग ठरलेल्यापेक्षा जास्त आढळला तर यंत्र सुरूच होईना. मालकी ग्राहकाची, पण पुलीवर कारखान्याचे कुलूप, अशी ही पहिली ठळक घटना.

याच सुमारास स्वस्त नकली पीसींवर 'टर्बो' नावाचे बटण आले. त्या काळचे कित्येक खेळ चिपचे ठोके मोजून काळ मोजत. जलद संगणकावर त्यांतली पात्रे सैरावैरा धावत सुटत. म्हणून बटण दाबून यंत्र पुन्हा 4.77वर आणायची सोय असे. 1990च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले संगणक ज्यांनी वापरले, त्यांना ते बटण आणि त्याच्या शेजारचे लुकलुकणारे आकडे आठवत असतील.

एकाच ताग्यातले तुकडे

छापील आकडा ठरतो कसा, हे समजले नाही तर पुढचा इतिहास निव्वळ चलाखीचा वाटेल. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा एकदम घडवतात. घडण एकच असली तरी कोणत्याही दोन चिपा तंतोतंत सारख्या नसतात. मग प्रत्येकीची परीक्षा होते, आणि कोणत्या वेगाला ती बिनचूक चालते हे पाहून तिला प्रत लावली जाते. एकाच ताग्यातले कापड पहिल्या प्रतीचे, दुसऱ्या प्रतीचे आणि चिंधी असे वेगळे काढावे, तसाच हा प्रकार. प्रत लावताना कारखाना हात राखून लावतो. उन्हाळ्यात, धुळीत, कमीजास्त विजेवर, कित्येक वर्षे हा तुकडा चालला पाहिजे, हे गृहीत धरलेले असते.

पण प्रत लावण्यामागे दुसरेही एक गणित असते. घडण सुधारत गेली की बहुतेक सगळ्याच चिपा पहिल्या प्रतीच्या निघू लागतात. बाजाराला मात्र स्वस्त मालही हवा असतो. मग चांगल्या चिपेवरही कमी आकडा छापून ती स्वस्तात विकली जाते. हात राखून ठेवलेली शिल्लक आणि बाजारासाठी दडवलेली शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घेणे म्हणजे यंत्राच्या आयुष्यातून उचल करणे. दुसरी घेतल्याने फारसे काही बिघडत नाही. पंचाईत एवढीच, की बाहेरून पाहून कोणती किती हे सांगता येत नाही.

ऑगस्ट 1998मध्ये आलेली इंटेलची 'सेलेरॉन 300ए' ही या दुसऱ्या प्रकारच्या शिल्लकेची सर्वांत गाजलेली साक्ष. सुमारे दीडशे डॉलरची ही चिप 66 मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला साडेचाराने गुणून 300वर चालत असे. मूळ ठोका 100 केला की गुणाकार होतो 450, आणि यातल्या बहुसंख्य चिपा 450ला सुखाने चालत. त्या वेगाची पेन्टियम 2 कितीतरी पट महाग होती. काही मदरबोर्डांवर हा बदल पडद्यावरच्या यादीतून करता येई. जिथे येत नसे तिथे लोक चिपेच्या एका विशिष्ट टोकावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावत. त्यानंतर दोन वर्षांत एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉन चिपांवर तर शिसपेन्सिलीने काम भागू लागले : पृष्ठभागावरची तुटक जोडणी पेन्सिलीने रेघ मारून जोडली की गुणकाचे कुलूप उघडे. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते, एवढ्या शालेय ज्ञानावर ही किल्ली चालत होती.

कुलपे होती यामागे केवळ नफ्याचा विचार होता, असे म्हणणे एकांगी होईल. त्या दशकात कमी वेगाच्या चिपांवरचा शिक्का खरवडून जास्त वेगाचा शिक्का मारणारे व्यापारी सुळसुळले होते. ग्राहक पैसे जलद चिपेचे देई आणि घरी नेई ताणलेली चिप. स्वतःच्या यंत्राचा वेग जाणूनबुजून वाढवणे आणि दुसऱ्याला न सांगता वाढवून विकणे, यांतला फरक मागाच्या धंद्यातही सर्वांना ठाऊक होता. चिपांच्या बाजारातही तो स्पष्ट ठेवणे भाग आहे.

याच काळातली एक चाचणी सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. 2001 साली चालू संगणकांतल्या चिपांवरचे उष्णता ओढून घेणारे धातूचे ठोकळे मुद्दाम काढून पाहण्यात आले. पेन्टियम 4 मंदावली आणि जिवंत राहिली. अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला आणि ती काही क्षणांत संपली. एकीला स्वतःहून मागे सरकणारी फणी होती, दुसरीला नव्हती. त्यानंतर अशी व्यवस्था नसलेली चिप विकणे कठीण होत गेले.

चित्राच्या यंत्राकडे

ग्राफिक्स कार्ड हे संगणकाच्या पडद्यावरचे चित्र घडवणारे स्वतंत्र यंत्र. त्याला स्वतःची चिप, स्वतःची स्मृती, आणि आता स्वतःचा पंखाही असतो. 1996च्या थ्रीडीएफएक्स 'वूडू' कार्डाचा ठोका 50 मेगाहर्ट्झचा होता. 1998ची एनव्हिडियाची 'रिव्हा टीएनटी' 125 मेगाहर्ट्झला चालेल असे आधी सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती 90ला आली. कागदावरचा वेग आणि विकलेला वेग यांतले हे अंतर पाहून ज्यांचे हात शिवशिवले, त्यांच्यासाठी ठोका बदलणारी छोटी सॉफ्टवेअरे तयार झाली. त्यांतले 'रिव्हाट्यूनर' हे अलेक्सी निकोलायचुक या रशियन प्रोग्रॅमरचे. आज बहुतेक जण वापरतात ते 'आफ्टरबर्नर' त्याच्याच पायावर उभे आहे. स्फटिक उपटणे, चिकटपट्टी, पेन्सिल हे सारे मागे पडून वेगाची पुली पडद्यावरच्या एका सरकपट्टीत आली.

स्वस्त कार्डांच्या इतिहासात 2002च्या अखेरीस आलेल्या 'रेडिऑन 9500'चे स्थान सेलेरॉनसारखेच आहे. तिच्यातली चिप मुळात महागड्या 9700चीच होती. आठ चित्रवाहिन्यांपैकी चार बंद ठेवून ती स्वस्तात विकली जात होती. काही कार्डांवर सॉफ्टवेअरने त्या चार वाहिन्या उघडता येत. कोणाला 9500च्या किमतीत 9700 मिळाली, तर कोणाच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटले, कारण त्याच्या चिपेतल्या त्या वाहिन्या खरोखरच सदोष होत्या. दडवलेली शिल्लक आणि खरा दोष यांतला फरक एवढ्या उघडपणे क्वचितच दिसला असेल.

आपल्याकडच्या सामान्य घरात शिरलेली कार्डे यानंतरची. फेब्रुवारी 2014ची 'जीटीएक्स 750 टीआय' आणि ऑक्टोबर 2016ची '1050 टीआय' या त्यांतल्या ठळक. दोन्हींचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्या कित्येक नमुन्यांना विजेची वेगळी तार लागत नसे; मदरबोर्डाच्या खोबणीतून मिळणाऱ्या विजेवर काम भागे. जुन्या, कार्यालयातून निकालात निघालेल्या संगणकातही ती बसत. ही खोबण कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट देईल, असा उद्योगाचा ठराव आहे. जून 2016मध्ये आलेले 'आरएक्स 480' खोबणीतून याहून जास्त वीज ओढते असे आढळले, तेव्हा एएमडीला पुढच्याच महिन्यात सॉफ्टवेअर बदलून ते आवरावे लागले. वेग वाढवण्याची खरी हद्द पुष्कळदा चिपेत नसते, तिला वीज पुरवणाऱ्या वाटेत असते, हा धडा त्या प्रकरणाने दिला.

तोच घन पुन्हा

भिवंडीचा हिशेब आता पुन्हा मांडू. चिप खाते ती वीज ढोबळमानाने ठोक्याच्या वेगाच्या आणि व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते. नुसता ठोका दहा टक्के वाढवला तर वीज दहा टक्के वाढते. पण त्या वेगाला चिप अडखळू लागली, आणि तिला बळ देण्यासाठी व्होल्टही दहा टक्के वाढवले, तर आकडा येतो 1.1चा घन, म्हणजे 33 टक्के. धोट्याच्या फेकीचा आणि चिपेच्या ठोक्याचा भाव एकच निघावा, हे मला पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी तो हिशेब तीनदा करून पाहिला होता.

750 टीआयची घोषित गरज 60 वॅट. ठोका दहा टक्के वाढवला तर ती सहासष्टच्या आसपास जाईल. खोबणीच्या पंचाहत्तरच्या आतच राहील. ठोका आणि व्होल्ट दोन्ही वाढवले तर ऐंशीच्या घरात, म्हणजे मर्यादेबाहेर. स्वस्त कार्डाचा वेग सुरक्षितपणे वाढवण्याचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत आहे : ठोक्याला हात लावावा, व्होल्टला लावू नये. जास्त व्होल्टचा परिणाम उष्णतेवर थांबत नाही. चिपेच्या आतल्या केसाहून कितीतरी बारीक तारांतून प्रवाह जोराने आणि गरम वाहत राहिला, की धातूचे अणू जागचे सरकत जातात आणि एक दिवस तार तुटते. 1960च्या दशकाच्या अखेरीस मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅक यांनी या झिजेचे समीकरण मांडले. ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. प्रवाहाची दाटी आणि तापमान वाढले की आयुष्य घटते, आणि ते सरळ रेषेत घटत नाही, असे ते सांगते.

आमच्याकडे लग्नाच्या आणि हळदीच्या व्हिडिओंचे संकलन करणारी मुले आहेत. दिवसा गोदामात काम, रात्री हे. त्यांतल्या एकाने जुने घेतलेले कार्ड घेऊन मला विचारले, "काका, याचा वेग वाढवला तर जळेल का हो?" त्या कार्डाची किंमत त्याच्या महिन्याच्या कमाईएवढी होती. ओव्हरक्लॉकिंगचे विक्रम करणारे लोक द्रवरूप नायट्रोजन ओतून चिपा गोठवतात; त्यांची चिप गेली तर दुसरी येते. या मुलाचे कार्ड गेले तर लग्नसराई गेली. सुरक्षितपणा हा शब्द त्याच्या बाजूने उभे राहून समजून घ्यायला हवा.

गेल्या पंचवीस वर्षांत जगभरच्या हौशींनी चुकत-माकत जी शिस्त घडवली, ती थोडक्यात अशी. आधी काहीच न बदलता कार्ड तासभर कामाला जुंपून त्याचे तापमान टिपून घ्यावे. मग पंखा आणि पंख्याखालच्या पात्यांतली धूळ काढावी. भिवंडीत हे काम दुप्पट महत्त्वाचे, कारण इथल्या हवेत कापसाचे तंतू असतात आणि ते पात्यांत नमद्यासारखे बसतात. कार्ड जुने असेल तर चिप आणि ठोकळा यांच्यामधला वाळलेला लेप बदलावा. त्यानंतरच ठोका पंधरा-वीस मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वाढवावा, आणि प्रत्येक पायरीवर कार्डाला जड काम देऊन वीसेक मिनिटे पडद्याकडे बघत बसावे. ठिणग्यांसारखे ठिपके, फाटलेल्या आकृती, अचानक काळा पडणारा पडदा, यांपैकी काही दिसले की दोन पायऱ्या खाली उतरावे आणि तिथेच थांबावे. स्मृतीचा ठोका वेगळा, स्वतंत्रपणे वाढवावा. तिथे एक फसगत आहे : अलीकडची स्मृती चुका स्वतःच ओळखून माहिती पुन्हा पाठवते, त्यामुळे ठोका जास्त झाला तरी चित्र स्वच्छच दिसते, काम मात्र मंदावते. म्हणून तिथे डोळ्यांवर विसंबू नये, वेळ मोजावा.

आणखी दोन गोष्टी आपल्या हवामानाच्या. जानेवारीच्या पहाटे जमलेला वेग मेच्या दुपारी टिकेलच असे नाही. परीक्षा घ्यायची ती मेमध्ये. दुसरे, संगणकाला वीज देणारा खोका स्वस्तातला आणि बेभरवशाचा असेल तर वेगाचा विचारच सोडावा. 2007 साली भिवंडीतले वीजवितरण खासगी कंपनीकडे सोपवले गेले, आणि देशातला हा अशा प्रकारचा पहिला प्रयोग मानला जातो. विजेचा लहरीपणा हा विषय इथे किती जुना आणि जिव्हाळ्याचा आहे हे त्यावरून कळावे. त्या लहरीपणाचा धक्का आधी त्या खोक्याला बसतो, आणि मग त्याच्या पलीकडच्या कार्डाला.

हे सारे करून हाती काय येते? ठोका दहा टक्के वाढला तर प्रत्यक्ष काम त्याहून थोडे कमीच वाढते. तासाभराचे काम पाच-सहा मिनिटे आधी संपते. एका व्हिडिओसाठी हे काहीच नाही. रोज रात्री चार तास काम करणाऱ्याला महिन्याकाठी दहा-बारा तासांची झोप मिळते.

शिल्लक कोणी घेतली?

मार्च 2012मध्ये एनव्हिडियाने 'जीटीएक्स 680' आणले आणि त्याबरोबर ठोका आपोआप वाढवण्याची पद्धत आणली. कार्ड आता स्वतःचे तापमान आणि वीज सतत मोजते, आणि जागा दिसली की ठोका स्वतःच वर नेते. तापले की खाली आणते. 2016च्या पिढीपासून हे इतके बारीक झाले, की काही अंशांनी थंड राहिलेले कार्ड काही मेगाहर्ट्झने आपोआप जलद चालते. म्हणजे पात्यांतला कापूस काढणे हेच आता एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंग झाले आहे. पूर्वी ग्राहक जी शिल्लक शोधून काढत असे ती आता कारखानाच वापरून टाकतो आणि छापील आकड्यात विकतो. सेलेरॉनसारखा पन्नास टक्क्यांचा घबाड-योग पुन्हा येण्याची चिन्हे नाहीत.

तरीही चालवणाऱ्याच्या हाती एक गोष्ट उरली आहे, आणि तिची दिशा उलटी आहे. प्रत लावताना कारखाना सर्वांत कमजोर तुकडाही चालावा म्हणून सर्वांनाच थोडे जास्त व्होल्ट देतो. आपला तुकडा त्याहून चांगला असेल, तर तोच वेग कमी व्होल्टवर मिळतो. इथे वर्गाचा नियम आपल्या बाजूने काम करतो : व्होल्ट दहा टक्के कमी केले तर वीज सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटते. कार्ड थंड राहते, पंखा शांत होतो, आयुष्य वाढते; आणि थंड राहिल्यामुळे पुष्कळदा ते छापील वेगापेक्षा थोडे जलदच धावते. आभासी चलनाच्या खाणीत हजारो कार्डे रात्रंदिवस राबवणाऱ्यांनी नेमके हेच केले, कारण त्यांना विजेचे बिल दिसत होते. सप्टेंबर 2022मध्ये इथेरियमने ती पद्धत सोडल्यावर त्यांची कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांच्या चिपांपेक्षा पंखेच जास्त झिजलेले असतात, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

त्या मुलाच्या कार्डाला आम्ही व्होल्ट थोडे उतरवून, ठोका थोडा चढवून, मेच्या दुपारी चार दिवस तपासले. छापील आकड्यापेक्षा सहा टक्के वर ते स्थिर झाले, तेही आधीपेक्षा थंड. शेजारच्याच्या त्याच बनावटीच्या कार्डाला चार टक्केही झेपले नाहीत.

मागाच्या कामात जुने जॉबर दोन सारख्या दिसणाऱ्या मागांना कधी एकच पुली लावत नसत. आधी ते मागाच्या चौकटीवर हात ठेवून काही वेळ नुसते उभे राहत.